कुमुदाच्या पानावरची पाकोळी

भाद्रपदातल्या सकाळी चारठाण्याजवळच्या आमच्या तळ्याला ओल्या शेवाळाचा हिरवट, गारसर वास येतो. कुमुदाच्या पानाला हलकेच बोट लावावे, तर एक पांढरी पाकोळी उठते आणि दोन पानांपलीकडे जाऊन बसते. नखाएवढे अंग, पण मोतिया पंखांवर तांबूस रेघांची केवढी नक्षी! एवढ्याशा जिवाने हा शृंगार कुणासाठी करावा?

तिचे बालपण पाण्यात जाते. अळी असताना ती पानाचे लंबगोल तुकडे कातरते, रेशमी धाग्याने एकमेकांना शिवते आणि त्या पुडीत राहून तळ्यावर हिंडते. हे मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तोवर त्या पुड्यांना मीही पालापाचोळाच समजत होते.

गेल्या वर्षी माझे वडील, आबा, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन त्या तळ्यात गुडघाभर उतरले. काठालगतच आमचा कापूस.

"आबा, काय करायलाव?"

"पानायची चाळणी झाली बघ. अळी पडलीय. उद्या कापसात शिरली म्हंजी?"

"ही कापसाला तोंड लावत न्हाई. आन् म्हशी हितंच पाणी पितेत की!"

"लय शिकलीस! माझ्या बोंडाची हमी तुझं कॉलेज घेतंय का?"

प्रश्न रास्त होता. पानाला छिद्र दिसले की औषध मारायचे, हे त्यांना शेतीनेच शिकवले होते. पण त्या एका फवाऱ्याने सारे तळे विषारी झाले असते. मी एक तरंगती पुडी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. क्षणभर काहीच हलले नाही. मग कडेतून इवलेसे डोके बाहेर आले आणि अळी पुडीसकट चालू लागली.

"आयला! घर घेऊनच निघाली की!"

ऊसतोडीच्या फडावर पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, उभारण्यात आबांचे कित्येक हिवाळे गेले. मला मात्र त्यांनी शाळेसाठी गावातच ठेवले. त्यांनी हात पाण्याला टेकवला आणि पुडी सोडली.

"कोपीच हाय हिची," ते पुटपुटले. "पर कापसात एक जरी दिसली ना, तुलाच वेचायला लावीन."

पुढे महिनाभर ते रोज कापसाची पाने उलटून बघत राहिले. एक दिवस शेजारचा शेतकरी पंप घेऊन तळ्याकडे वळला, तेव्हा बांधावरून आबांचाच आवाज आला, "आरं, तितं मारू नको! बिऱ्हाडं उतरलीत तितं."