दौलत हसला नाही

उथळसरचा दौलत घरं शाकारायचा. होळी झाली की ठाण्यातल्या छपरांवर तो रोज दिसे, आणि एरवीही कुणाचं ना कुणाचं फुटकं छप्पर असेच. नळीची कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि चांगली पुन्हा एकावर एक बसवायची. पावसाळा संपला की याच हातांनी तो बांबू आणि तट्टे बांधून लग्नाचे, उत्सवाचे मांडव घाली. त्याचा बाप जुन्नराकडून घाट उतरून रेल्वेच्या भरावाच्या कामावर आला होता, आणि काम पुढे सरकलं तरी तो इथंच राहिला. दौलतला गावातलं काही आठवत नसे. बायको केली तीही खाडीपलीकडची, कळव्याची. तिचं नाव शेवंती.

दौलत कामाला चोख होता, पण लोक त्याला ओळखत ते हसण्यावरून. ते हसणं आधी खांद्यांत यायचं. मग तोंडातून नुसती हवा, मग बारीकशी शीळ, आणि त्यानंतर असा गडगडाट व्हायचा की खालची घरधनीण हातातलं पीठ झटकत अंगणात यायची.

"काय झालं रे, दौलत?"

"काय न्हाई वैनी, तुमचा बोका."

बोक्यानं काय केलं ते तो कधी सांगायचा नाही. पण तेवढ्यावरच वैनी हसायला लागायच्या, आणि शेजारीणही कुंपणाशी येऊन विनाकारण हसायची.

त्या सुमारास कल्याणपुढे आगगाडी घाट चढून जाऊ लागल्याला वीसेक वर्षं झाली असतील. ठाण्यातल्या काही हौशी मंडळींनी एक नाटक मंडळी काढली होती. लिहिणारे होते त्र्यंबकराव, इंग्रजी शाळेतले मास्तर. मुख्य काम करी श्रीपाद, कचेरीतला कारकून. रीतीप्रमाणे पौराणिक नाटक व्हायचं आणि त्याला जोडून एक लहानसा फार्स. तर या मास्तरांनी 'कणगीतला तात्या' नावाचा फार्स लिहिला. तात्या नावाचा एक कंजूष माणूस चोर पकडण्यासाठी स्वतःच्याच भाताच्या कणगीत लपून बसतो आणि तिथंच अडकतो. बायको वरून भात ओतते, मोलकरीण सुपानं काढायला बघते, आणि शेवटी चोर ती कणगीच उचलून चालू लागतात. तात्या आतून ओरडतो, "अगं, मी तांदूळ नव्हे, मी तात्या!"

तळ्याकाठी मांडव दौलतनंच घातला होता, म्हणून त्याला पहिल्या खांबाशी बसू दिलं होतं. पुढं मामलेदार आणि वकील मंडळी बसलेली. त्यांच्यासमोर हसावं की नाही या विचारात मागचे लोक ताठ बसून राहिले. अर्धा फार्स तसाच गेला. मग बायकोनं कणगीत भाताची पहिली पाटी ओतली आणि तात्याचा एक हात तेवढा वर आला. दौलतचे खांदे हलले, शीळ निघाली आणि तो फुटला. त्याच्यामागोमाग अख्खा मांडव फुटला. मामलेदारांची पगडी मांडीवर आली. त्या दिवसापासून ठाण्यात जो तो म्हणू लागला, "मी तांदूळ नव्हे!" दुकानदार उधारी मागणाऱ्याला म्हणे, सासू सुनेला म्हणे, पोरं तर भटजींच्या मागे लागून ओरडत. फार्स कल्याणला झाला, भिवंडीला झाला, आणि मंडळी दरवेळी दौलतला बरोबर घेऊन गेली.

लोकांना माहीत नव्हतं ते पुढचं. नाटकाला घरंदाज काय नि गरिबाच्या काय, बायका फारशा जात नसत. दौलत घरी आला की शेवंती चुलीपुढं जागीच असे. मग तो डोक्यावर पाटी घेऊन तिला सगळा खेळ करून दाखवी. तात्या तोच, बायको तोच, चोरही तोच. शेवंती पदर तोंडात कोंबून हसे आणि मधेच त्याला थांबवी. "असं कोण बायको बोलंल? पुन्हा म्हना." मग तो पुन्हा म्हणे. नाटक बघताना त्याचं अर्धं लक्ष याच्याकडेच असे. हे हिला असं सांगायचं, ते तसं करून दाखवायचं. पोटात हसू दाटायचं ते तिथूनच. पोरबाळ नव्हतं त्यांना, पण दोन खोल्यांचं ते घर कधी ओकंबोकं वाटलं नाही.

पुढच्या भादव्यात शेवंतीला ताप आला आणि ती पटकन गेली. कळव्याहून तिची थोरली बहीण गंगूबाई आली, दिवस झाले, आणि होडीत बसून परत गेली. दौलत पुन्हा कामाला लागला. तो हसत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या घरी दुखवटा आहे हे माहीत असलेली माणसं उथळसरच्या चार घरांपलीकडे नव्हती, आणि छपरावरचा माणूस गप्प असला तर तो काम करतोय असंच खालच्यांना वाटतं. छपरावरून त्याला पूर्वीसारखंच सगळं दिसे. एकदा एक जाडा सावकार कुणी बघत नाही असं समजून परसात बैठका मारत होता आणि उठता उठेना. दौलतनं पाहिलं. त्याचे खांदे जरा हलले. मग घरी गेल्यावर हे सांगायचं कुणाला, असं मनात आलं, आणि त्यानं पुढचं कौल उचललं. संध्याकाळी भाकरी थापायची, खायची, भांडं उपडं घालायचं. कधी कधी दोन दोन दिवस तोंडातून शब्द निघत नसे.

अशात बातमी आली की मास्तरांनी तात्याचा दुसरा भाग लिहिलाय. गाव नुसतं पेटलं. तात्या कणगीतून बाहेर पडतो की नाही यावर न्हाव्याच्या ओट्यावर भांडणं लागली. कुणी म्हणे चोर त्याला कल्याणच्या बाजारात विकतात, कुणी म्हणे या खेपेला बायको पण कणगीत शिरते.

त्र्यंबकराव स्वतः उथळसरला आले. "दौलत, मांडव तुझाच. आणि तुझी जागा पहिल्या खांबाशी."

दौलत खाली बघत म्हणाला, "मांडव घालतो. बसायला मात्र न्हाई जमायचं, मास्तर. बायको गेली माझी."

"अरेरे! कधी?"

"भादव्यात."

"कळलंच नाही बघ." मास्तर खरोखरच हळहळले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "पण येशील ना? तेवढंच मन रमेल."

दौलतला नाही म्हणता आलं नाही.

त्या दिवशी कुणी बडा साहेब यायचा होता आणि त्याला लवकर परतायचं होतं, म्हणून फार्स आधी नि नाटक मागून असं ठरलं. ऊन पुरतं उतरलंही नव्हतं. कळव्याच्या होड्या भरून आल्या होत्या, कल्याणची माणसं गाडीनं आली होती. दौलत खांबाशी येऊन बसला तेव्हा लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. "तो बघ, तो. हसणारा."

पडदा वर गेला. तात्या काशीहून परत आलाय, आणि येताना त्यानं वर्षभराचं मौनव्रत घेतलंय. कणगी कुठंच नाही. श्रीपाद नुसता हात जोडून उभा. लोक वाक्याची वाट बघत होते आणि तात्या तोंडच उघडेना.

खरं सांगायचं तर गंमत मोठी होती. बायकोला कळतं की नवरा आता बोलू शकत नाही. ती पाटावर बसते आणि गोडीनं विचारते, "अहो, पाटल्या करू ना? नको असतील तर तसं सांगा." तात्या हात झाडतो, पाय आपटतो, घशाशी येतं ते गिळतो. "नाही म्हणत नाहीत, म्हणजे हो!" म्हणून ती सोनाराला हाक मारते. मग साडी, मग भावाला चार महिने राहायला बोलावणं. दर प्रश्नाला तात्या जास्त जास्त लाल होतो आणि मुका राहतो.

दौलतला ते पुरतं उमगलं. पहिल्या भागाहून हे वरचढ आहे, असं त्याला वाटलं. सवयीनं त्याचं मन पुढं धावलं: शेवंतीला हे सांगताना आपण तात्या व्हायचं आणि तिलाच बायको करायचं, तिनंच पाटल्या मागायच्या, आणि आपण... तिथं तो अडखळला. खांदे हललेच नाहीत. डोळ्यांपुढचा श्रीपाद धूसर झाला.

लोक त्याच्याकडे बघत होते. दर वाक्यानंतर माना खांबाकडे वळत होत्या. तो गप्प, म्हणून मांडव गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, "कणगी आणा!" दुसरा म्हणाला, "तात्या, बोल की!" शिट्ट्या सुरू झाल्या. साहेब उठून गेला. श्रीपादनं कसाबसा शेवट केला, पण तो कुणाला ऐकूच आला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसरं बोलणं नव्हतं. तळ्याच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या ओट्यावर, कचेरीच्या आवारात सगळे तेच उगाळत होते. "मुका तात्या म्हणजे मीठ नसलेली आमटी." "श्रीपाद सुटलाय हो, आता कणगीत मावला नसता, म्हणून मास्तरांनी काढून टाकली." एका वकिलाचा कारकून तेवढा म्हणाला की या भागात बोध आहे. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. आणि दुपारपर्यंत बोलणं फिरत फिरत एका जागी येऊन थांबलं. दौलत हसला नाही. तो हसला असता तर आपणही हसलो असतो.

चरईत एका घराची कौलं लावत असताना घरमालकानं खालूनच विचारलं, "काय रे, मंडळींवर रुसलायस होय?"

"न्हाई जी."

"मग आवडला नाही तुला?"

"भाग चांगला व्हता."

"चांगला होता आणि हसला नाहीस?" मालक दुखावल्यासारखा म्हणाला. "आम्ही तुझ्या भरवशावर पैसे मोडून गेलो की!"

दौलत पुढची ओळ बसवू लागला. सांगायचं तर कुठून सुरू करायचं, हे त्याला कळेना.

चार दिवसांनी मास्तर पुन्हा आले. त्यांचा चेहरा उतरला होता. पुढचा खेळ कल्याणला पारनाक्यावर लागला होता. "तू फक्त हस," ते म्हणाले. "बायको पाटल्या मागते तिथं. बाकीचं आपोआप होईल." आणि त्यांनी चक्क हात जोडले. शाळामास्तरानं आपल्यापुढं हात जोडावेत हे दौलतला सहन झालं नाही.

कल्याणला तो हसला. खांदे मुद्दाम हलवले, हवा सोडली, शीळ काढली, आणि गडगडाटही केला. मांडव लगेच मागोमाग उठला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणालाही काही कळलं नाही. दौलत त्या गदारोळात बसून हसत राहिला आणि त्याला वाटलं, खाडीच्या मधोमध होडीत एकटं बसलो असतो तरी याहून बरं वाटलं असतं.

खेळ संपल्यावर श्रीपाद रंग न पुसताच त्याच्यापाशी आला. "दौलत, ते हसू तुझं नव्हतं."

"न्हवतं, रावसाहेब."

"मला वरून कळलं." श्रीपाद खाली बाकावर टेकला. "इतके दिवस मला वाटायचं, लोक मला बघून हसतात." तो काही वेळ हातातल्या पगडीची झालर ओढत राहिला. "पुढच्या खेळाला येऊ नकोस. मी मास्तरांना सांगतो."

दौलतनं मान हलवली. मग कुणीतरी श्रीपादला हाक मारली.

पुढं दुसऱ्या भागाचे दोनतीन खेळ झाले, पण ते चालले नाहीत. मंडळींनी तात्याला पुन्हा कणगीत घातलं आणि जुनाच फार्स लावला. लोक वाक्य ऐकून टाळ्या पिटत. हसणारे आता दुसरे तयार झाले होते. दौलतचं नाव हळूहळू त्या बोलण्यातून गळालं. मांडव घालायला त्याला बोलावत, आणि घालून झाला की तो घरी जाई.

माघात एक दिवस गंगूबाई बाजाराला आली ती त्याच्या दारात येऊन टेकली. सुक्या जवळ्याची पुडी पुढं ठेवून म्हणाली, "दाजी, तो दुसरा भाग वाईट व्हता म्हनं. आमच्या गावची मानसं होडी करून गेलती, ती अजून शिव्या घालत्यात. काय व्हतं त्यात?"

"तुला कशाला, अक्का?"

"पैला मला सगळा ठावं हाय. शेवंती माहेरी आली का सांगायची. चुलीपाशी बसून, डोक्यावर पाटी घेऊन."

दौलत तिच्याकडे बघतच राहिला. शेवंती हे कधी बोलली नव्हती.

मग त्यानं तिला दुसरा भाग सांगितला. काशी, मौनव्रत, पाटल्या, सोनार. आवाज सवय मोडल्यासारखा येत होता, मधे मधे पुढचं काय ते आठवत नव्हतं. गंगूबाई हसली नाही. ती मन लावून ऐकत होती, जसं कुणी वाट विचारून ऐकतं तसं. संपल्यावर म्हणाली, "बरा हाय की. पर शेवंती बरं सांगायची. तिच्या सांगन्यात तात्याची बायको लई हुशार व्हती. कनगीत नवरा हाय ह्ये तिला पैल्यापासून ठावं असायचं."

"असं कुठं व्हतं नाटकात?"

"तिच्यात व्हतं."

दौलत थोडा पुढं सरकला. "आनि काय काय सांगायची?"

गंगूबाईनं आठवून आठवून सांगितलं. मोलकरणीला शेवंतीनं नाव दिलं होतं. चोरांतला एक तात्याचाच मेहुणा निघाला होता. कुठं कुठं ती मधेच थांबायची आणि म्हणायची, हितं आमचे ह्ये लई हसत्यात. दौलत गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत होता, आणि मधेच "पुन्हा सांग" म्हणत होता.

ओहोटी लागायच्या आत होडी गाठायची म्हणून ती उठली. तो तिला बंदरापर्यंत पोचवायला गेला. चिखलातून हात धरून तिला होडीत चढवली.

"फुडच्या बाजाराला येशील, अक्का?"

"बघू. म्हस व्यायला झालीया," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यात सावरून पलीकडे तोंड करून बसली. होडी मिठागरांच्या अंगाला लागेपर्यंत तो काठावर उभा होता. मग वळला. उद्या चेंदणीत एक छप्पर उघडायचं होतं.