इंगळेबाईंच्या दोन पिशव्या

इंगळेबाईंची रस्ता तपासायची रीत जगावेगळी होती. दोन्ही हातांत भाजीच्या भरलेल्या पिशव्या घ्यायच्या, पाठीत वाकायचं आणि म्हातारीच्या चालीनं रस्ता ओलांडायचा. मध्येच पळावं लागलं, की पलीकडून ओरडायच्या, "नापास!" यमुनेपलीकडं नवी वस्ती उठत होती, तिचे नकाशे करणाऱ्या ऑफिसातल्या त्या शिकलेल्या बाई. मजूर हसायचे. मीही हसलो होतो.

मी टेलिफोनच्या केबलसाठी चर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. शाळा दुसरीपर्यंत, पण माझा चर कधी वाकडा गेला नाही. एकदा टोळीतल्या भाच्यावर खेकसत होतो, तर बाई थबकल्या.

"बीडकडचे का हो तुम्ही?"

"कसं ओळखलं?"

"शिवीवरून. मी वाशिमची." आणि दिलखुलास हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा महादूभाऊ झालो.

तेव्हा, नव्वदीनंतर, देशात सगळं नुकतंच खुलं झालं होतं. दारोदार नव्या गाड्या, फोनसाठी लोकांची धावाधाव. रुंद रस्ता दिसला की गाडीवाले उधळायचे. बाजारापुढचा रस्ता तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना नदी झाला होता. बाईंनी भांडून तिथं स्पीड ब्रेकर मंजूर करून घेतला. फोनच्या तारांचे पाइप त्याच्याखालून आधीच टाकायला लावले. म्हणायच्या, "रस्त्याचं पोट एकदाच फाडायचं, महादूभाऊ. पुन्हापुन्हा फाडू नये."

ब्रेकरचं कामही माझ्याच टोळीकडं आलं. मी जोशात येऊन चांगला उंच ब्रेकर घातला, तर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हा काय उंट बसवलाय? तासा तो. रिक्षातल्या गरोदर बाईला धक्का नको आणि गाडीवाल्याला आठवण हवी. बस, तेवढाच उंच."

"आठवण कसली?"

"रस्त्यावर आणखी कुणी आहे, याची."

तासला. बाई पिशव्या घेऊन सावकाश पलीकडं गेल्या. गाड्या थांबल्या. "पास!" म्हणाल्या आणि पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला.

पुढं नवं टेलिफोन एक्स्चेंज तयार झालं. उद्घाटनाला कुणी बडी असामी येणार होती. आदल्या दिवशी ठेकेदार आला.

"मराठे, ब्रेकर उड़ा दे. साहब की गाड़ी को झटका नहीं लगना चाहिए."

"मैंने बनाया है, मैं नहीं तोड़ूँगा."

"बड़ा आया! नौकरी प्यारी नहीं?"

मी कुदळ खाली ठेवली आणि बिडी पेटवली. त्यानं दुसरी टोळी आणली. दुपारपर्यंत रस्ता सपाट.

गाड्यांचा ताफा आला, फीत कापली, ताफा गेला. ब्रेकर परत बांधायचा हुकूम काही निघेना. बाई रोज वरच्या साहेबांपुढं उभ्या. ते म्हणायचे, "रहने दीजिए मॅडम, अब तो रोड कितनी सुंदर लगती है." शेवटी बाई त्यांनाच रस्त्याच्या कडेला घेऊन आल्या. हातात पिशव्या होत्याच.

मी म्हणालो, "बाई, आज नको. सुसाट चालल्यात गाड्या."

"म्हणून तर आज. साहेबांना बघू दे."

निम्म्यापर्यंत त्या वाकून, सावकाश गेल्या. मग एक पांढरी गाडी आली. मी ओरडलो, "बाई, पळा!" त्या पळाल्या. पिशव्या सोडून पळाल्या. बटाटे पार माझ्या पायापर्यंत आले.

दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी आणि त्यांचा भाऊ शेजारी होतो. बाईंनी मला ओळखलं.

"पळाले ना मी?"

"पळालात, बाई."

"मग नापास," म्हणाल्या. त्यानंतर बोलल्या नाहीत.

भावानं बाजारातल्या एसटीडी बूथवरून वाशिमला आईला फोन लावला. मी काचेबाहेर उभा होतो. ती तार माझ्या टोळीनंच पुरली होती. तारेतून काय जातंय, याचा विचार आजवर मी कधी केला नव्हता.

हुकूम दुसऱ्याच दिवशी निघाला. ठेकेदारानं मलाच बोलावलं. मान खाली घालून म्हणाला, "ऊँचा बना, भाई. सालों की गाड़ी टूटे."

माझ्याही मनात तेच होतं. रागानं भिंतच घातली म्हणा ना. मग त्या ढिगापुढं उभा राहिलो आणि बाईंचे कमरेवरचे हात दिसले. फावडं उचललं आणि सगळा तासून काढला. गरोदर बाईला धक्का नको, तेवढाच ठेवला.

आता माझं वय झालंय. मुलगा म्हणतो, भाजी घरपोच मागवू, फोन केला की येते. मी ऐकत नाही. दोन पिशव्या घेऊन स्वतः जातो. बाई मुद्दाम वाकायच्या. मला तेवढेही कष्ट पडत नाहीत. गाड्या थांबतात. पलीकडं पोचलो की मी "पास!" म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. लोक वळून बघतात. बघेनात का.

पेरू दिसला, तर मात्र तेवढा घेत नाही.