फेटा न बांधणारे मामा

माणदेशच्या उन्हात बोडक्या डोक्यानं फिरणारा पुरुष त्या काळी एक तर वेडा समजला जाई, नाहीतर सुतकातला. आमचे म्हसवडचे मामा दोन्ही नव्हते. त्यांना जन्मापासून डोक्यावर केस नव्हते, भुवया नव्हत्या, पापण्याही नव्हत्या, आणि तरी हा हट्टी माणूस ना टोपी घाली, ना फेटा बांधी. कुणी विचारलंच तर म्हणत, "झाकलं की लोकं वाकून बघत्यात."

घराण्यातलं ते देणं पुढं माझ्याकडे आलं. इस्लामपूरच्या शाळेत पोरींनी माझ्या डोक्यावरचा रुमाल ओढला आणि मी घरी बसले. मामा एसटीनं आले. सकाळी माझा हात धरून भर बाजारातून शाळेकडे निघाले, दोघांचीही डोकी उघडी. मी लाजेनं अर्धी झाले. "लोकं आज माज्याकडं बगत्याल. तू चाल," म्हणाले. झालंही तसंच.

दुष्काळ सरला त्या वर्षी माझं लग्न ठरलं. आईनं सांगलीच्या नाटकवाल्यांकडून केसांचा टोप आणून, काजळानं भुवया रेखून, तो घालूनच मला मुलाकडच्यांना दाखवलं होतं. मामांना तिनं निक्षून सांगितलं, "दादा, फेटा बांधून या, न्हाईतर येऊ नका. तुमाला बगितलं की त्यास्नी समदं कळंल."

आणि मामा फेटा बांधून आले! मला मांडवात न्यायला खोलीत आले, तेव्हा कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरत होता. मला ते बघवेना.

"मामा, ह्ये खोटं कवापतूर?"

"तू म्हनशील तवापतूर. मी हाय."

मी टोप काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फेटा सोडला आणि मुलाच्या आईला आत बोलावलं. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या. बाहेर वाजंत्री वाजत होती. मामांनी माझा हात सोडला नाही. थोड्या वेळानं वाजंत्री थांबली.

वऱ्हाड परत गेलं. "माज्या उंबऱ्यात पुन्यांदा पाय ठिऊ नका," आई मामांवर ओरडली. मामांनी ऐकून घेतलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "रडून घे, पर त्यो टोप पुन्ना घालू नगं." मी म्हसवडला जाऊन त्यांना भेटत राहिले. आई मात्र तिकडं कधी फिरकली नाही. मामा वारले तेव्हाही ती उशिरा पोचली.

त्यानंतर दुसरं स्थळ आलं. पाहुणे बसले होते. मी तोंड उघडायच्या आत आईनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"आमच्या दादालाबी केस न्हवतं," ती म्हणाली. "त्याला मी दारातनं घालवला."

आणि पाहुण्यांसमोरच ती हुंदके देऊन रडू लागली.