बिनमाशाचं ताट

माझी बायको यंदा गेली. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंतच शिकलेला, तेव्हा चुका काढत बसू नये.

तारापूरला अणूच्या विजेचं काम सुरू झालं होतं आणि आमच्याकडची तरणी पोरं तिकडे मजुरीला जात होती, तेव्हाची गोष्ट. आमची मुलगी सातवी पास झाली. मुरब्यात पुढे शाळा नव्हती. पालघरला होती, पण तिथे जायचं तर रोज तरीने खाडी ओलांडून सातपाटी, मग मोटार. भरती-ओहोटी काही शाळेची घंटा बघून होत नाही. गुरुजींनी मुंबईतलं एक वसतिगृह सांगितलं. गरिबाघरच्या मुलींना राहणं-जेवण फुकट, शेजारीच हायस्कूल. बायको म्हणाली, धाडायची. मी नको म्हणत होतो, पण माझं कोण ऐकतं?

महिनाही झाला नसेल, निरोप आला. मुलगी जेवत नाही, रडते, येऊन घेऊन जा. तिच्या जागेसाठी दुसऱ्या मुली थांबल्यात. काय झालं असेल ते आम्हाला लगेच कळलं. वसतिगृह दानावर चालायचं, देणारे शाकाहारी, तिथे मासळीला बंदी. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या तरी सुका बोंबील, जवळा असायचाच. नुसता वरणभात आमच्यात आजाऱ्याला देतात.

पेटी बांधून आणायला मी दोरी घेतली. बायकोही निघाली. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे हो, पण उपाशी पोरीला मी ठेवू कशी? बायकोने विचारलं, आम्ही तिच्यासोबत जेवलो तर चालेल का? बाईंनी लगेच पाट मांडायला लावले.

लाल भोपळ्याची भाजी, गूळ घातलेली आमटी, भात. मी दोन घास खाल्ले आणि पाणी प्यालो. बायकोने ताट पुसून खाल्लं, वर आणखी भात मागितला. मुलीने हात लावला नव्हता. बायको तिला म्हणाली,

"घरी आलीस तर बोंबील मिलंल. तोच खायाचा, तोच वालवायचा, तोच टोपलीत घालून इकायचा. माज्यासारका, जलमभर."

मुलीने ताट लांब सरकवलं.

"तू हितं खाशील तेच मी घरी खाईन. दिवालीला येशील तवा दोगी मिलून मासा खाऊ. आज माज्यासंगं आलीस तरी मी दिवालीपरयंत नाय खानार. मंग बस माज्याकडं बगत."

मुलीने ताट ओढून भात कालवला. रडत रडत खाल्ला, पण खाल्ला. दोरी मी तशीच परत आणली.

मला वाटलं होतं, पोरीला ठेवण्यासाठी बोलली असेल. कसलं काय. घरी आल्यापासून वरणभात, बटाटा, भोपळा. डोक्यावर बोंबलाची टोपली घेऊन गावोगाव फिरायची आणि दुपारी सोबत नेलेली बटाट्याची भाजी खायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. ताजी मासळी घरात आली. माझ्यासाठी कालवण करायची, मीठ बरोबर आहे का मलाच विचारायची. मी मासे सोडले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण ती समोर वरण घेऊन बसली की मला काटे काढायचा कंटाळा यायचा. चिडून म्हणायचो, मुंबईतून तिला दिसतंय काय? ती म्हणायची, मला दिसतंय ना.

दिवाळीला मुलगी आली, अंगाने भरलेली. सहामाहीत पास झाली होती. दोघी चुलीपुढेच जेवल्या. मला रस्सा उरला.

ते बघून पुढच्या उन्हाळ्यात आळीतल्या तिघी आपल्या मुलींचं विचारायला आल्या. नव्या वर्षासाठी वसतिगृहात जागा मिळत होती. बायको म्हणाली, गुरुजी अर्ज लिहितील, पण आधी पोरींनी महिनाभर माझ्याकडे जेवायचं. आळीत हसाहस झाली. शेजारीण म्हणाली, "पोरींना माळकरी करतंस काय गो?" बायको म्हणाली, "शिकून आल्या की खातील पापलेट. तुजंच घेतील, भाव नको वाढवूस."

महिनाभर आमच्या ओटीवर पोरींची पंगत. एक पोर दुसऱ्याच दिवशी पळाली. बायको ताट घेऊन तिच्या घरी गेली, ती जेवेपर्यंत समोर बसली. रोज तेच वरण, तोच भोपळा. पोरींबरोबर बायकोही तेच खायची, म्हणून कोणाला बोलायला जागा नव्हती.

जूनमध्ये तिघी आमच्या मुलीबरोबर तरीत बसल्या. पेट्या मी उचलल्या. आयांनी रडून घेतलं. बायको धक्क्यावर आलीच नाही. मला राग आला. तेवढ्यात वाऱ्यावर सुका बोंबील भाजल्याचा वास आला, आमच्याच घराकडून. दुसऱ्याच दिवशी पळालेल्या त्या पोरीने नाक वर केलं.

"काकी लय वाट बगत व्हती आमी जायाची," ती म्हणाली, आणि चौघी हसत खाडीपार गेल्या.