कळशीवरची बाई

वस्तूला मरण नसतं; तिला फक्त नवं रूप मिळतं. हे वाक्य मी एका लॉबीत, रिबीन कापून झाल्यावर, प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पाहुणे मग ढोकळा खाऊन गेले. ज्या भिंतीकडे हात करून ते बोलले, ती आमच्या भांड्यांची होती.

लॉबी आमची नव्हती. लालबागची आमची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. उंच होती ती विकण्यासाठी, ठेंगणी आम्हा जुन्या भाडेकरूंसाठी. गिरणगावाच्या श्रमांना वंदन करणारी कलाकृती उंच इमारतीच्या लॉबीत लागली, कारण आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर विजेचे मीटर आहेत. वंदन घ्यायला आम्हाला वहीत सही करून आत जावं लागतं.

चाळ पडल्यावर आम्ही सहा वर्षं शिवडीच्या संक्रमण शिबिरात काढली. घराच्या किल्ल्या मिळायच्या दोन महिने आधी एक तरुण चित्रकर्ती तिथे आली. मुलगी चांगली होती, मेहनती होती, आणि तिने आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली: चाळण्यांचं घड्याळ, किसण्यांचे दिवे, जुन्या स्टोव्हच्या टाक्यांचा मोर. टाकाऊतून टिकाऊ हे आम्ही शाळेत नारळाच्या करवंट्यांवर शिकलो होतो. त्यालाच आता अपसायकलिंग म्हणतात, एवढीच माहिती नवी होती. तिला आमच्या भांड्यांपासून गिरणीची चिमणी करायची होती, दोन पुरुष उंच. धूर पळ्यांचा आणि झाऱ्यांचा. ज्या गिरण्यांनी आमच्या बापांना बाहेर काढलं त्यांची आठवण म्हणून आपली भांडी द्यावीत, ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. मलाही आवडली. नव्या घरात मॉड्युलर किचन होतं आणि त्यात पितळेला जागा नव्हती.

भांडी निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मी निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर लग्नपत्रिकांपासून शोकसंदेशांपर्यंत लोकांची नावं तपासली, त्यामुळे मी निवडीची पद्धतही नावांवरूनच ठरवली. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं, हे सांगायला नको. छोट्या छिन्नीने ठोकून काढलेली टिंबाटिंबांची अक्षरं. माझ्या बारशाचा पेला, वडिलांना भजनी मंडळाने दिलेलं तबक, बहिणीच्या लग्नातला डबा. ज्यांवर आमच्यापैकी कुणाचं नाव होतं ती मी ठेवली. ज्यांवर परकी नावं होती ती खोक्यात टाकली. चाळीत लग्नकार्याला भांडी या घरातून त्या घरात जायची आणि सगळीच परत यायची असं नाही; तशी दहाबारा निघाली.

त्यांत एक पितळी कळशी होती. एका बाजूला पोचा आलेला, आणि खांद्यावर नुसतं एका बाईचं नाव. आडनाव नाही, साल नाही, कुणाकडून तेही नाही. लहानपणापासून ती कळशी मोरीच्या कट्ट्यावर होती आणि मी वाचायला शिकलो तो अशाच भांड्यांवर, म्हणजे ते नाव मी शेकडो वेळा वाचलेलं असणार. ती बाई कोण, असं मात्र एकदाही विचारलं नाही. चाळीत इतक्या बायका होत्या.

आई खाटेवर बसून बघत होती. मी कळशी उचलली तेव्हा म्हणाली, "ती नको रे. ती माझी आसा."

मी म्हटलं, "आई, हिच्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आसांदे." मालवणीत हा शब्द बायका फार वापरतात. असू दे. मी तो होकार धरला.

उद्घाटनाला ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मी मोबाईलवर फोटो काढून नेऊन दाखवला. तिने चिमणी नीट पाहिली आणि एवढी भांडी घासणार कोण, असं विचारलं. कलाकृतीवर ऐकलेली ही एकमेव समीक्षा, जी मला पूर्ण समजली.

पुढच्याच महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. परळच्या इस्पितळात तीन आठवडे काढून घरी आणली तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. डोळे उघडे असायचे, पण आमच्यावर थांबत नसत. मी "आई" म्हणायचो, बायको "आई" म्हणायची, आणि ती पंख्याकडे बघत राहायची. तपासायला येणारी डॉक्टर म्हणाली, "नावाने हाक मारून बघा. लहानपणीचं असेल तर तेच. जुनं नाव खोलवर असतं, कधीकधी पेशंट त्याला ओ देतो."

आमच्या घरात आईला नावाने हाक मारणारं कधी कुणी नव्हतं. वडील "अगं" म्हणत, आणि चिडले की तेही म्हणत नसत. शेजारणी माझ्या नावापुढे "ची आई" लावत. रेशनकार्डावर आणि आधारवर जे नाव आहे ते लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. ते मी तिच्या कानाशी दोन दिवस म्हणत होतो. शेजारच्या कुणाला तरी हाक चालली आहे अशा चेहऱ्याने ती पडून होती. आणि त्याआधीचं, अठरा वर्षं वापरलेलं तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी बाहत्तर वर्षांचा आहे. पुस्तकं बरीच वाचली आहेत.

आईची भावंडं कधीच गेलेली. मी गावी मामेभावाला फोन केला. त्याने डोकं खाजवल्याचा आवाजही मला ऐकू आला. ते सगळे तिला लालबागची आते म्हणत. आते म्हटल्यावर नाव कशाला लागतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक आहे असं म्हणायचा अधिकार मला नव्हता. मग मागून त्याच्या म्हाताऱ्या वहिनीने फोन मागून घेतला. तिलाही नाव आठवत नव्हतं, पण ती म्हणाली, "कळशेर बघ. आज्यान दरेक चेडवाक लग्नात एक कळशी दिल्यान, नाव घालून. सासरी नाव बदलतत म्हणान."

सासरी नाव बदलतात म्हणून माझ्या आजोबांनी आपल्या मुलीचं नाव पितळेत ठोकून तिच्याबरोबर पाठवलं होतं, आणि मी ते परक्या बाईचं समजून खोक्यात टाकलं होतं. आईच्या देखत. तिला तसं सांगून.

मी लगेच लॉबीत गेलो. वॉचमनने वहीत कुणाकडे जायचं ते लिहायला सांगितलं. मी "भिंत" असं लिहिलं. कळशी पोच्यावरून ओळखली. छातीच्या उंचीवर होती, उभी अर्धी कापून बसवलेली. मी खांद्यावर बोट फिरवलं. आरशासारखा गुळगुळीत होता.

"हात नका लावू काका, आर्टवर्क आहे," वॉचमन म्हणाला.

"माझ्या आईची कळशी आहे ती."

"तिकडच्या बिल्डिंगचे सगळे हेच बोलतात."

चित्रकर्तीला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, सगळ्याच भांड्यांवर नावं होती," ती म्हणाली. "फार गर्दी वाटत होती डोळ्यांना. चिमणी दिसेना, नावंच दिसत होती. म्हणून बफिंग करून घेतलं, मशीनवर घासून गुळगुळीत." तिला खरंच वाईट वाटलं. कळशीचा दुसरा अर्धा भाग भंगारात गेला होता. तिने फोनमधले सगळे जुने फोटो शोधले आणि त्याच संध्याकाळी एक पाठवला: कापण्याआधीच्या भांड्यांचा ढीग, कोपऱ्यात आमची कळशी, आडवी. खांद्यावर टिंबांची एक ओळ दिसत होती. मोठं केलं की ठिपके पसरायचे, लहान केलं की रेघ व्हायची. डॉक्टरांचं, कवींचं आणि आमदारांचं हस्ताक्षर मी वाचलेलं आहे. भिंग घेऊन दोन दिवस बसलो. तीन अक्षरं असावीत, किंवा चार. मधे कुठेतरी वेलांटी. तीही कदाचित ओरखडा असेल.

मग मी यादी केली. त्या काळी कोकणात मुलींची जी नावं ठेवत ती सगळी आठवून, वेलांटीची आधी, बाकीची नंतर. रोज सकाळी स्पंजिंग झालं की आईच्या डाव्या कानाशी बसायचो आणि एकेक नाव म्हणायचो. प्रत्येकानंतर थांबायचं, डोळ्यांकडे बघायचं, पुढचं. नद्या संपल्या. देवी संपल्या. मग फुलं, मग नक्षत्रं. स्वतःच्या आईला अशी अंदाजाने हाक मारताना जे वाटतं त्याला शब्द असेल, पण तो मला सापडला नाही. एकदा पापणी हलल्यासारखी वाटली. मी तीन नावं मागे जाऊन पुन्हा हळूहळू म्हटली. मग दिसलं की माशी बसली होती.

बायको एकदा म्हणाली, "आता पुरे करा. त्यांना त्रास होत असेल."

मी म्हटलं, "त्रास झाला तरी कळेल की ऐकू येतंय."

तिने आत जाऊन कुकर लावला.

यादी सुरू केल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी आई गेली. यादीतली साठेक नावं राहिली होती. ती मी नंतर म्हटली नाहीत. त्यात बरोबरचं निघालं असतं तरी कळायला मार्ग नव्हता.

चार दिवसांनी मृत्यूच्या दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात गेलो. फॉर्ममध्ये मृताचं नाव भरलं, आधारवरचं. मृताच्या पतीचं नाव भरलं. त्याखाली मृताच्या आईचं नाव असा रकाना होता. तिला आम्ही आजी म्हणायचो. मी पेन घेऊन बराच वेळ उभा राहिलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि सांगितलं की तो रकाना भरला नाही तरी चालतो, बरेच लोक भरत नाहीत.