पितळेच्या नटांना कल्हई

स्टोव्हला कधी कुणी कल्हई केलेली पाहिलीय? नाही ना? मग गाडीच्या नळीच्या जोडांना कल्हई करून आणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या घरात त्याला हुशार म्हणत.

हा हुशार माणूस म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. उधन्याला कापड रंगवायच्या कारखान्यात ते फिटर होते. हे भाड्याची अॅम्बॅसिडर चालवायचे, पलसाण्यापर्यंत, कधी पार नवापूरला. त्या वर्षी पेट्रोल असं कडाडलं की सगळे ड्रायव्हर त्यात घासलेट मिसळू लागले आणि इंजिनं ठोकायला, म्हणजे आतून टकटक आवाज करायला लागली. जेठ म्हणाले, आपण मिथेनॉल फवारू, ठोका थांबेल. मिथेनॉल म्हणजे एका जातीचं स्पिरिट, दिसायला निव्वळ पाणी. ते पाण्यात कालवून डब्यात भरायचं आणि छोट्या पंपाने, बारीक तोटीतून, कार्बोरेटरच्या तोंडाशी उडवायचं.

जोड कुठल्या धातूचे घ्यायचे, यावर आमच्या घरात लग्न ठरवावं तशी चर्चा झाली. लोखंड गंजणार. अॅल्युमिनियमला हे स्पिरिट खातं, हे जेठांना कारखान्यात कळलं होतं. स्टेनलेस स्टील सगळ्यात चांगलं, पण त्याचे एवढे बारीक जोड बाजारात मिळेनात. राहिलं पितळ. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

मग सासूबाई म्हणाल्या, "पितळात ताक ठेवलं तर कळकतं. कल्हई करा." झालं! जेठांनी सगळे नट, नळीचे कोपरे, तोटी गल्लीतल्या कल्हईवाल्याच्या भट्टीत घातले. पातेल्यासारखे चकचकीत करून आणले आणि घरभर मिरवले. शेजारचेही बघून गेले.

मला बघताक्षणी खटकलं. रोज दोन वेळा स्टोव्ह पेटवत होते मी. तोही पितळेचाच. त्याच्या आट्यांत केसाएवढी घाण गेली तरी गळतो, आणि छिद्रात कण अडकला की पिन मारमारून हात दुखतात. इथे तर आट्यांवरच कथलाचा थर चढवलेला, आणि कल्हई काही जन्मभर टिकत नाही, पापुद्रे सुटतातच. हे सांगायला फिटर असावं लागत नाही, चूल फुंकलेली बाई पुरते.

पण सांगायचं कुणाला? आमच्याकडे सून जेठाशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काही बोलायचं ते सासूबाईंमार्फत. जेठ तीन हातांवर बसलेले असायचे, माझा शब्दन् शब्द त्यांना ऐकू जायचा, तरी सासूबाईंनी पुन्हा सांगितल्याशिवाय तो बोलला गेला असं धरत नसत. काय ही तऱ्हा! मी म्हटलं, "आई, त्यांना सांगा, नट पूर्ण बसत नाहीत, स्पिरिट गळेल, गाडी पेटेल." सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ती म्हणते, जरा बघून लावा." आणि मला अहिराणीत हळूच, "तुले काय समजस त्यामा?"

यांना सांगितलं तर म्हणाले, "दादाने लावलंय ना, मग झालं तर."

थोडे दिवस गाडी झकास पळाली. मग तोटी तुंबायला लागली. जेठ ती काढायचे, फुंकायचे, चिमटीत आलेला राखाडी कण लुंगीला पुसायचे आणि म्हणायचे, "स्पिरिटच भेसळीचं येतंय." स्वतःची कल्हई सुटतेय हे कबूल करतील तर शपथ!

एका दुपारी गाडी दारात उभी होती. हे बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, एक गळका नट आवळत होते. जेठ बाजूला उभे राहून "आणखी आवळ, आणखी" करत होते. मी मोरीत कपडे धूत होते. एकदम हे ओरडले आणि दोन्ही हात झटकायला लागले. ना ज्वाळा, ना धूर, काहीच दिसेना. जेठ मागे सरले आणि ओरडले, "करंट लागला! कुणी हात लावू नका!" गल्ली थिजून उभी राहिली.

स्पिरिटची आग भर उन्हात दिसत नाही. स्टोव्ह पेटवायला आधी स्पिरिट जाळावं लागतं, त्यात माझीही बोटं भाजली होती तशी. इंजिनावरची हवा थरथरताना दिसली, यांच्या बाह्या आपोआप काळ्या पडत होत्या, आणि मी किंचाळले. सासूबाईंकडे बघून नाही, सरळ जेठांच्या तोंडावर. "अहो, आग आहे ती! बघताय काय बैलासारखे? पाणी ओता!" ते हलले नाहीत. बहुधा सून आपल्याशी बोलली, याच धक्क्यात होते. मी साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि यांच्या हातांवर, इंजिनावर ओतली. मग दुसरी.

कोपरापर्यंत भाजले होते हे. दवाखान्यातून दोन्ही हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून आले. आणि घरात बोलणं कशावर चाललं होतं माहितीय? कल्हईवर? गळक्या नटावर? छे! सासूबाई कपाळ बडवत होत्या, "पदर पडी गया, भान शे का तुले? जेठले बैल म्हनस!" जेठ तोंड फिरवून बसले होते, जणू भाजलं त्यांनाच. माझ्या नवऱ्याचे हात जाता जाता राहिले होते, आणि घराची अब्रू म्हणे माझ्या तोंडाने गेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना भरवत होते. यांना घासही उचलता येत नव्हता. दोन घास गिळून झाल्यावर हे म्हणाले, "दादाची माफी माग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिसरा घास हातात होता. तो मी ताटात परत ठेवला, हात धुतला आणि म्हटलं, "भूक लागली की हाक मारा. नाहीतर दादांना सांगा, ते भरवतील."

दुपार गेली. जेठ दारातच ओट्यावर बसून होते, ते काही भरवायला उठले नाहीत. दिवेलागणीला मी पुन्हा ताट घेऊन समोर बसले. माफीचं नाव न काढता यांनी तोंड उघडलं, आणि मी भरवलं.