सागाच्या पानावरचा लाल भात

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे खडूनं लिहितोय, कारण आज दुपारी पुतणीच्या लग्नात आमची चांगलीच फजिती झाली.

लोधीपुऱ्यात लग्नाची पंगत पळसाच्या पत्रावळीवरच बसते. यंदा पत्रावळी मिळेनात. धूलकोटकडचं पळसाचं रान गोऱ्या साहेबानं रस्त्यासाठी तोडलं आणि बदल्यात दुसरीकडे साग लावला.

आमचे दादा, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले, "सागाचं एकच पान थाळीएवढं असतं. टाके घालायची कटकट नाही." जून पानं खरखरीत असतात, म्हणून आम्ही मुद्दाम कोवळी आणली.

गरम भात वाढला, वर वरण ओतलं आणि बघता बघता भात खालून लाल होऊ लागला. व्याह्यांनी हात मागे घेतला.

"काय हो भाऊ, शुभकार्यात हे रक्तासारखं काय वाढलंत?"

दादांचा चेहरा पडला. पंक्तीत जंगल खात्याचे कारकून होते. ते म्हणाले, "कोवळ्या सागाचा रंग आहे, घाबरू नका. आणि जंगल कुठं कमी झालंय? जेवढी झाडं तोडली, तेवढी लावलीत."

व्याह्यांनी आपलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "मग घ्या, तुम्हीच जेवा."

कारकून काही जेवले नाहीत. शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांची पितळी ताटं गोळा करून पंगत उरकली.

झाडाला झाड मिळालं, हे मलाही मान्य आहे. पण लग्नं तुमच्याही घरी निघतील. तेव्हा कशावर वाढणार, ते खाली लिहा. खडू इथंच ठेवलाय.